शिडीचे बोल्ट कोणी खाल्ले?

"मी सॉरी म्हणणार नाही! नाही म्हणजे नाही!"

बेडकीने ओला टॉवेल बाकावर आपटला. पोहण्याच्या तलावावर सगळे तिला बेडकीच म्हणत, कारण ती एकदा पाण्यात उतरली की तिला बाहेर काढणं भल्याभल्यांना जमत नसे. तिच्या एका बाजूला प्रोफेसर बसला होता. आता नववीत जाणार होता, पण चष्मा जाड आणि बोलणं पुस्तकी. दुसऱ्या बाजूला टकळी. हिचं तोंड झोपेतही बंद नसे!

झालं होतं असं, की सकाळी एक काकू तलावातून वर चढत असताना लोखंडी शिडी भिंतीपासून निखळली आणि काकू धपकन पाण्यात पडल्या. नशीब, कोपर खरचटण्यावर निभावलं. मॅनेजर धावत आला. बघतो तर बोल्ट गायब! त्याने ना चौकशी केली ना विचारपूस, सरळ बेडकीकडे बोट दाखवलं. का, तर शिडीला लोंबकळायची सवय तिला!

"शनिवारी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर शर्यतीच्या संघातून नाव कट!" तो ओरडला.

त्या संघात येण्यासाठी बेडकी वर्षभर राबली होती. आईसुद्धा म्हणाली, "म्हणून टाक गं सॉरी. एका शब्दाने काय अंगाला भोकं पडत नाहीत."

"पडतात!" बेडकी म्हणाली. "मी सॉरी म्हटलं की सगळे म्हणणार, हिनेच केलं!"

आईने कपाळावर हात मारला. पण बेडकीचं काय चुकलं? जे केलंच नाही, त्याची माफी कशाची मागायची?

तिघं निघाली ती थेट तलावामागच्या शेडमध्ये. निखळलेली शिडी तिथेच टेकवून ठेवली होती. प्रोफेसरने नाक जवळजवळ लोखंडाला चिकटवलं.

"बोल्ट कुणी काढलेलेच नाहीत! काढले असते तर भोक रिकामं असतं. इथे आत बोल्टचं थोटूक उरलंय."

"उंदराने कुरतडल्यासारखं!" टकळी म्हणाली. "लोखंड खाणारा उंदीर! बाई बाई, त्याचे दात कसे असतील!"

"आणि वरच्या पट्टीचे स्क्रू बघ," बेडकी म्हणाली. "पितळी आहेत. जसेच्या तसे! कुणी चोरायलाच आलं असतं, तर महागाचं पितळ सोडून लोखंड कशाला नेईल?"

थोटकाभोवती पांढरी पूड जमली होती. टकळीचा हात पुढे झाला, तसा प्रोफेसर खेकसला, "हात लावू नकोस!"

दुसऱ्या दिवशी तिघं पोहणाऱ्यांच्या आधीच तलावावर हजर झाली. मॅनेजर पिवळा कॅन घेऊन आला आणि मगाने त्यातलं काहीतरी दुसऱ्या शिडीच्या बोल्टवर ओतू लागला. नाकात झणझणीत वास गेला.

"काका, हे काय हो?" टकळीने साळसूदपणे विचारलं.

"क्षार मारायचं औषध! ते पांढरं दिसतंय ना? पाण्यात क्षार वाढलेत. रोज ओततो, तरी हटत नाहीत मेले! उलट वाढतच चाललेत."

तो गेला. प्रोफेसरने खिशातून निळ्या लिटमसची पट्टी काढली आणि लांबूनच चिमट्याने ओल्या फरशीवर टेकवली. पट्टी लालबुंद झाली आणि लगेच फिकी पडू लागली.

"अरे, रंग उडाला!" बेडकी हिरमुसली.

"तो क्लोरिनमुळे. पण आधी लाल झाली, पाहिलंस ना? म्हणजे आम्ल! आता सांगा, आम्ल अधिक धातू म्हणजे काय?"

"क्षार अधिक हायड्रोजन!" दोघी एकदम ओरडल्या. आणि मग टकळी चक्क गप्प झाली.

"काका क्षार बघून आम्ल ओततात," बेडकी सावकाश म्हणाली, "आणि आम्लामुळे बोल्टचेच क्षार होतात. ते बघून काका आणखी आम्ल ओततात!"

"बरोब्बर! बोल्टवर जस्ताचा मुलामा आहे. जस्त आम्लाला आधी बळी पडतं, मग लोखंडाचा नंबर. तांबं मात्र ढिम्म! आणि पितळात बहुतेक तांबंच असतं."

"चला, मग सांगू या त्यांना!" टकळी म्हणाली.

"सांगून ऐकतील ते?" बेडकीचे डोळे चमकले. "शनिवारी त्यांच्याच तोंडून वदवू!" मात्र तोवर कुणी आपटायला नको, म्हणून तिने दुसरी शिडी बंद करायला कोचसरांना लगेच सांगितलं.

शनिवारी सगळे जमले. कोचसर, आईवडील, कोपराला पट्टी बांधलेल्या काकू.

"हं, माग माफी," मॅनेजर म्हणाला.

"मागते!" बेडकीने एक चकचकीत नवा बोल्ट आणि पितळी स्क्रू पुढे धरला. "पण तुमच्या औषधाने फक्त क्षार जातात ना? मग त्यात हा नवा बोल्ट टाकला, तरी त्याला काही होणार नाही. नाही झालं, तर मी नाक घासून माफी मागेन!"

"काही होत नाही त्याने!" मॅनेजर फुशारला.

"मुलांनो, मागे व्हा," कोचसर म्हणाले. त्यांनी रबरी हातमोजे घातले आणि उघड्यावर ठेवलेल्या दोन काचेच्या ग्लासांत कॅनमधलं औषध ओतलं. एकात पितळी स्क्रू टाकला, दुसऱ्यात बोल्ट.

स्क्रू शांत पडून राहिला. बोल्टवर मात्र फसफसून बुडबुडे उठले! मॅनेजरचा चेहरा पडला. थोड्या वेळाने सरांनी चिमट्याने बोल्ट बाहेर काढला. चकाकी पार गेली होती.

"हे आम्ल पाण्याची तपासणी करून, पातळ करून, धातूपासून लांब टाकायचं असतं!" सर कडाडले. "तुम्ही रोज शिडीवरच ओतत होतात?"

"मला वाटलं, क्षार..." मॅनेजर चाचरला.

"तुमच्या वाटण्याने माझं कोपर फुटलं!" काकू पुढे सरसावल्या. "आधी त्या पोरीची माफी मागा. सगळ्यांसमोर!"

मॅनेजरने मागितली, खाली मान घालून. "चुकलं माझं. तू काही केलं नव्हतंस."

बेडकीने मान डोलावली. सरांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास! तुम्ही वेळेवर सांगितलं नसतं, तर दुसरी शिडीही कुणाला तरी घेऊन पडली असती. आणि बेडके, सोमवारी सरावाला वेळेवर ये. तुझं नाव संघात आहे."

घरी जाताना आईने बेडकीचा हात घट्ट धरला.

"मीसुद्धा तुला सॉरी म्हणायला लावत होते," ती म्हणाली. "ऐकलं नाहीस, ते फार बरं केलंस गं!"