त्याच्या पेशींची जुनी ओळख

प्रयोगशाळेत, पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरच्या दाराशी आमची टक्कर झाली आणि माझ्या हातातल्या डिश सावरायला त्याने माझं मनगटच धरलं.

"सॉरी... पेशी ठीक आहेत ना?"

मी ठीक आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. तरी मला राग आला नाही—हीच तर पंचाईत!

मी यकृताच्या पेशी वाढवते, म्हणून प्रयोगशाळेत मला सगळे 'काळीजवाली' म्हणतात. तो शेजारच्या खोलीत रक्तातल्या लढाऊ पेशी वेगळ्या करतो. माझ्या पेशींना काविळीचा विषाणू लावायचा, मग त्याच्या पेशी त्यांच्यावर सोडायच्या, असं आमचं काम. यकृत फार सोशिक. विषाणू घरात शिरला तरी ब्र काढत नाही. नवख्या लढाऊ पेशींना तो ओळखायला दिवसच्या दिवस लागतात.

त्या दिवशी मात्र सकाळी पाहते तर विषाणू लागलेल्या पेशी मारून अर्धी डिश साफ! इतका झटपट हल्ला म्हणजे या पेशी त्या विषाणूशी आधी कधीतरी लढलेल्या होत्या.

"हा रक्तदाता कोण?"

तो कान खाजवत म्हणाला, "मी... रक्ताची पिशवी आलीच नाही. तुझ्या पेशी वाया गेल्या असत्या, म्हणून..."

"स्वतःचं रक्त वापरायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे, शहाण्या!"

मग दोघांच्याही ध्यानात आलं—म्हणजे कधीतरी हा विषाणू त्याच्याच अंगात शिरला होता. तो निघून गेला होता... की अजून दबा धरून बसला होता? त्याचं रक्त तपासायला गेलं आणि माझा डबा न उघडताच घरी परत गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "विषाणू येऊन गेलाय. आता संसर्ग नाही. मागे कधी कावीळ झाली होती का?"

"हॉस्टेलात ताप आला होता खरा. मला वाटलं, परीक्षेचा!"

हुश्श! बाहेर जिन्यात आल्यावर मला रडूच फुटलं.

"अगं, मी बरा आहे ना... मग रडतेस काय?"

"बरा आहेस म्हणूनच! नसतास तर रडायलाही सुचलं नसतं."

तो एक पायरी खाली उतरला. आमचे डोळे समोरासमोर आले. "एवढी काळजी... सगळ्याच रक्तदात्यांची करतेस?"

"नाही," मी नाक पुसत म्हटलं. "तू आवडतोस मला."

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही तू... केव्हापासून! पण तुझी डिश वाया घालवली ना मी—"

"खड्ड्यात गेली डिश!" मी म्हटलं आणि भर जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्याला घट्ट मिठी मारली.