पुढचं वाक्य

धर्मप्रचार करणाऱ्या त्या संघटनेवर बंदी आली, तेव्हा इन्स्पेक्टरला हायसं वाटलं. त्याची धाकटी बहीण संघटनेच्या बैठकांना जायची. आता कार्यालयाला सील, पुस्तकं जप्त, भोंगा उतरवलेला. पोरगी आपोआप घरी बसेल, असा साहेबांचा भाबडा हिशोब.

बैठका काही थांबल्या नाहीत. कधी सलूनच्या मागच्या खोलीत भरत, कधी मोटार शिकवायच्या गाडीत, जिच्यात बसलेल्या चौघांनाही उत्तम गाडी चालवता येई. कायदा सरळ होता. बोलणाऱ्याला तुरुंग, ऐकणाऱ्याला समज देऊन सोडायचं. म्हणून इन्स्पेक्टर दाराला कान लावून उभा राही आणि बोलणारा वाक्याच्या मध्यावर असतानाच आत घुसे. मग त्याला नाकबूल व्हायला जागाच उरत नसे.

सलूनमध्ये न्हावी बोलत होता, "ज्याने शेजाऱ्याचं दार बंद केलं, त्याने..." तेवढ्यात इन्स्पेक्टरने त्याची मानगूट धरली. सगळ्यांना चौकीत आणून बसवलं. त्याच दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी शिकवणारा मास्तर सापडला. तो म्हणत होता, "...स्वतःचंच बंद केलं."

"फोन केला असेल कुणीतरी," हवालदार म्हणाला.

"सगळ्यांचे फोन माझ्या टेबलावर पडलेत."

पुढे प्रत्येक धाडीत तेच. जिथे तोडलं, तिथूनच पुढे. एकदा एक फळवाला रडकुंडीला आला. "साहेब, मी नुसता ऐकायला बसलो होतो. तोंड आपोआप उघडलं. शब्द माझे नव्हते." हवालदार पोट धरून हसला. इन्स्पेक्टरला हसू आलं नाही.

जेवताना त्याने बहिणीला विचारलं, "अजून जातेस?"

"जाते. पण बोलत नाही, भाईजान. माझा नंबर आला नाही अजून."

त्याने ताट बाजूला सारलं. हिला आपल्याच हातांनी बेड्या घालाव्या लागणार, या विचाराने त्याची झोप उडाली.

भर दुपारी शिवणवर्गावर धाड पडली. बाई शिकवत होत्या, "आणि ज्याला बोलावणं येतं, तो..." हवालदार त्यांना बाहेर घेऊन गेला.

मशिनं थांबली. कोपऱ्यात बहीण काजं करत बसली होती. तिने मान वर केली. तिचे ओठ किंचित विलग झाले.

"नको," तो म्हणाला. "हात जोडतो तुला."

"...आपल्या पायांनी येतो."

वाक्य खोलीत स्पष्ट ऐकू आलं. बहिणीचे ओठ हलले नव्हते.

त्याचा जीव भांड्यात पडला. ती सुटली.

मग बोललं कोण?

सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. दारात परतलेल्या हवालदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, गप्प बसा. साहेब!"

त्याने तोंडावर हात दाबला. हाताखाली ओठ हलतच होते, सावकाश, समजावून सांगितल्यासारखे.

बहिणीने सुई कापडात खोचली आणि ओढणी सारखी करून ऐकायला बसली.