मांडीचा एवढासा तुकडा

"तुमच्या मांडीचा एवढासा तुकडा मला द्याल?"

आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावच्या बाजारात, भुरभुर पावसात, एका अनोळखी तरुणाला मी हे विचारलं आणि लगेच जीभ चावली. पण करू काय! दोन्ही खांद्यांवर कोबीची एकेक गोण घेऊन तो असा काही उठला होता, की मी छत्री उघडायचंच विसरले.

त्यानं गोणी खाली ठेवल्या. "रांधून खानार का कच्चा, मामझेल?"

"सुईनं काढायचा हो... तांदळाच्या दाण्याएवढा. मी डॉक्टर आहे. वजन उचलल्यावर स्नायूच्या आत काय होतं, ते शोधतेय."

"आयो! मग मांडीच कशाला? काळीज पन स्नायूच ना?"

मी लाजले. डॉक्टर असूनही!

त्याचं नाव सत्यदेव. मला एक तरुण हवा होता, एक म्हातारा. म्हातारा त्याच्या घरातच निघाला — गोवर्धन आजा, सत्तरी ओलांडलेला, जन्मभर ऊस वाहिलेला. तुकडा द्यायला तो तयार होता, पण त्याची एक अट होती. यंदा गणपती नदीपर्यंत डोक्यावरून तोच नेणार! गेल्या वर्षी पाय लटपटले म्हणून सत्यदेवनं मूर्ती त्याच्या हातून काढून घेतली होती, आणि ते दुःख आजाच्या मनातून जात नव्हतं.

"नाय जमनार," सत्यदेव मला बाजूला घेऊन म्हणाला. "म्हातारं मास आता काय वाढतंय?"

"जमलं तर?"

"तर... मागशील ते देईन." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दोघांनी वजनं उचलली, मी तुकडे काढले. सत्यदेवच्या तुकड्यात नुसती गडबड उडाली होती. नवी प्रथिनं बांधा, हा निरोप पेशीपेशीत पोचला होता. आजाच्या तुकड्यात मात्र... जवळजवळ सामसूम. मला रडूच आलं. निरोप पोचत नाहीये, असं मी आजाला सांगितलं.

"भैरी झाली काय माझी मांडी?" आजानं विचारलं.

"बहिरी नाही, आजा. उशिरा ऐकते. पुन्हा पुन्हा हाक मारायला हवी."

"मग मार ना गो!"

झालं! रोज संध्याकाळी मी बसनं त्यांच्या गावात हजर. आजा खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन स्टुलावर बसायचा, उठायचा. पिशवी हळूहळू जड होत गेली. त्यानंतर वाडगाभर घट्ट डाळ. बैठका मोजायचं काम सत्यदेवचं, पण तो बघायचा माझ्याकडे आणि आकडा चुकायचा.

"तुझ्या मांडीला चटकन ऐकू येतं," मी एकदा चिडून म्हणाले. "तुलाच येत नाही!"

"काय ऐकू येत नाय?"

"काही नाही..."

गणपतीच्या आधी मी आजाचा दुसरा तुकडा तपासला. गडबड होती! नातवापेक्षा कमी, पण होती! बसमधून उतरून मी त्यांच्या घरापर्यंत चिखलातून धावतच गेले.

विसर्जनाच्या दिवशी आजानं मूर्ती डोक्यावर घेतली. नदीची उतरण निसरडी. वळणावर त्याचा गुडघा थरथरला. सत्यदेव पुढे झेपावणार, तोच मी त्याचा हात घट्ट धरला.

"थांब ना... त्याला जमेल."

आजा क्षणभर उभा राहिला. मग त्यानं पाय टाकला, आणखी एक टाकला, आणि थेट पाण्यात उतरला. "मोरया!" सगळा काठ दणाणला. मी हसत होते, रडत होते, आणि सत्यदेवचा हात सोडायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

"हरलो," तो हळूच म्हणाला. "माग. दुसऱ्या मांडीचा तुकडा?"

"तुकडा नको."

"मग?"

"अख्खा."

तो कानापर्यंत लाल झाला. "मो कोंतां त्वा," आधी क्रेओलमध्ये पुटपुटला. मग मराठीत — "आवडतेस तू मला... बाजारात भेटलीस तवापासून."

कमरेइतक्या पाण्यातून आजा ओरडला, "मोठ्यानं बोल, पोरा! आमाला उशिरा ऐकू येतं... पन येतं!"