डाव्या अंगठ्याला ताजी जखम

"चेहऱ्यावर जाऊ नका, ताई. एकोणीस वर्षांत चेहऱ्याचं काही खरं नसतं. खूण बघा," वकीलबाईंनी बजावलं होतं.

वेड्यांच्या तुरुंगातल्या बाकावर बसून ताई खूणच आठवत होती. शेजाऱ्याच्या खोट्या तक्रारीवरून धाकट्या भावाला नेलं, त्या सकाळी तो भाजी चिरत होता. दारात पोलीस दिसले आणि सुरी अंगठ्यात गेली. तिनं अंगावरच्या निळ्या साडीचा काठ फाडून बांधला. "रक्त थांबायच्या आत घरी आणते तुला," म्हणाली. सहा आठवड्यांची तपासणी, एवढंच ठरलं होतं. तेव्हापासून तिनं चहात साखर घातली नव्हती. भेटीचा एकेक अर्ज नामंजूर होऊन परत आला होता.

कोर्टाच्या हुकमामुळे आज कारकुनानं फाइल पुढे सरकवली. महिन्याला एक अहवाल, असे दोनशे अठ्ठावीस. वय सव्वीस. वजन चोपन्न किलो. डाव्या अंगठ्याला ताजी जखम. बदल नाही. सोडण्यास अयोग्य. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हेच.

"दर महिन्याला तपासता ना?"

"मागचं पान बघून पुढचं उतरवायचं, मावशी. माझ्या आधीचेही तेच करायचे. इथं मरायला फुरसत नाही."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा कधीच गेला असेल. आता कोर्टासाठी कुणालातरी उभं करतील.

शिपायानं आणलेला माणूस जेमतेम सव्वीसचा होता. केस काळेभोर.

"कुणाच्या डोळ्यात धूळ फेकताय?" ती हळूच म्हणाली. "माझा भाऊ आज पंचेचाळीसचा असेल. हा तर माझा मुलगा शोभेल."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"ताई, केस कधी गं पिकले तुझे? सकाळी तर काळे होते."

तिनं मान वर केली नाही. त्याचा डावा हात ओढून घेतला.

निळा काठ. रंग तसूभर उडाला नव्हता. गाठ तिचीच, दुहेरी.

तिनं ती सैल केली.

थेंब तिच्या तळव्यावर पडला. लाल, कोमट.

"दुखतंय. बांध ना परत."

तिनं बांधलं. पलीकडे कारकुनानं, मान खाली घालूनच, नवं पान घेतलं होतं. वजन चोपन्न किलो, लिहून झालं होतं.

"रक्त थांबायच्या आत म्हणालीस ना?"

"हो रे. आतच."

मूठ मिटून ताई कोर्टाच्या रस्त्याला लागली. भर उन्हात मैलभर चालली, तरी मुठीतलं रक्त वाळलं नव्हतं.