नऊ तारखेचा वार

"माझ्या नवऱ्याने ती तपासणी बंद केलेली नाही," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. छातीशी धरलेलं बाळ झोपेत चोखत होतं. "हा रविवारी, दहा तारखेला झाला. आज अकरा दिवसांचा आहे, आणि बाप कोठडीत."

लोकांची अडलेली प्रकरणं सोडवणाऱ्या वहिनींनी पाणी पुढे केलं. त्यांचा दीर टिपणं घ्यायला वही उघडून बसला.

बाईचा नवरा लिनक्स या संगणक-प्रणालीसाठी पॅकेज, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बांधायचा. यावेळच्या पॅकेजमधली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, इंटरनेटवरून येणारी पानं वाटेतच आकाराने हलकी करणारी. रुग्णालयाने ती घेतली. हलकं होताना औषधाच्या आकड्यातलं दशांशाचं टिंब गळालं. चार वर्षांच्या मुलीला दहापट डोस गेला. ती वाचली नाही.

गळालेलं टिंब पकडणारी, आपोआप चालणारी तपासणी पॅकेजमध्ये बंद केलेली होती. बदलांच्या यादीत याच महिन्याची नोंद होती: 'बुधवार, नऊ तारीख. तपासणी बंद.' खाली नवऱ्याचं नाव.

"ही नोंद ते हाताने लिहितात?" वहिनींनी विचारलं.

"कधीच नाही. एक आज्ञा दिली की नाव, वार, वेळ सगळं यंत्रच उमटवतं. नऊला त्यांनी काम प्रमुखांकडे सोपवलं आणि रजेवर आले."

त्यानंतर पॅकेजला हात लावू शकणारे दोघंच: ते शेवटचं पाहून पाठवणारा कंपनीतला तपासनीस आणि प्रमुख. तपासनीस घरून काम करायचा. चौकशीसाठी म्हणून तो सहा महिन्यांत पहिल्यांदाच कार्यालयात आला होता.

"पाठवताना पिवळा इशारा आला होता, नोंदीच्या तारखेबद्दल काहीतरी," तो मान खाली घालून म्हणाला. "असे शंभर येतात. वाचत बसलो तर पॅकेज जायचं कधी?"

प्रमुखाच्या खोलीत ती बाळाला घेऊन दाराशीच उभी राहिली.

"पोरगा हुशार होता," प्रमुख म्हणाला. "पण बायकोचे दिवस भरलेले. डोकं ठिकाणावर नसणार."

टेबलामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर गेल्या महिन्याचंच पान होतं. दिराला असलं बघवत नाही. तो उलटायला उठला.

"राहू द्या, भाऊजी. त्यावर नऊ तारखेला कुठला वार आहे?"

"बुधवार." मग त्याची बोटं हवेतच थांबली. "पण वहिनी, बाळ दहाला झालं, रविवारी. म्हणजे नऊला शनिवार."

"यंत्र वार चुकवत नाही. चुकवतो हाताने लिहिणारा. यंत्राने तपासणी खरोखर बंद केली त्या दिवशीची तारीख घातली असती, आणि तेव्हा हिचा नवरा रजेवर होता. म्हणून कुणीतरी नऊ तारीख हाताने घातली आणि वारासाठी मान वळवून भिंतीवर पाहिलं. तपासनीसाच्या घरून ही भिंत दिसत नाही."

प्रमुखाने कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

"ती तपासणी सारखी नापास होत होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तपासणीच चुकतेय. शोधायला एक दिवस लागला असता. रुग्णालयाला पॅकेज द्यायची तारीख दिलेली होती."

"एक दिवस," बाळाची आई म्हणाली. बाळ जागं झालं होतं. तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटता थोपटता विचारलं, "ती तपासणी यांनीच लिहिली होती. चार रात्री जागून. तुम्ही एकदा फोन करून विचारलं का नाही?"

दिराने पान तसंच राहू दिलं. आता ते पुरावा होतं.