सेराफिनाचा पाटा

पाटा गेल्याचं बेनेडिक्टला कळलं ते त्याची बायको सेराफिना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी, चर्चमधल्या तिच्या मिस्सानंतर. पाहुणे गेल्यावर तो मागच्या दारी हात धुवायला गेला, तर चिंचेखाली नुसता वरवंटा पडलेला.

त्याने सुनेला विचारलं. क्लॅरिसने मान वर न करता सांगितलं, की अंधेरीच्या म्युझियमची माणसं आली होती, त्यांनी पाटा उलटून बघितला, खालून जुनं कोरीव काम निघालं आणि बेनेडिक्टच्या मुलाने, ज्युलियसने, तो देऊन टाकला.

"मिक्सर आहे ना आता, पप्पा," ती म्हणाली.

कोंडिविट्यात असे पाटे बऱ्याच घरांत होते. शेतात कोरलेला दगड लागला की चित्रं जमिनीकडे करायची आणि सपाट पाठीवर वाटायचं. मात्र पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे, असं कोणी करत नसे. पोराला हे माहीत नव्हतं, की सुनेने मुद्दाम केलं, हे बेनेडिक्टला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी वरवंटा पिशवीत घालून तो निघाला.

म्युझियम म्हणजे एका मेलेल्या जमीनदाराचा बंगला. तिथले नंदकुमारसाहेब बोलके होते. मालकाला दगडांचा नाद होता, म्हणाले. आधी त्याने विहिरींच्या काठचे, धुण्याचे दगड उचलले. मग शेतांत कारखाने आले, बुलडोझरने आणखी वर काढले. जोगेश्वरीकडचे, मरोळचे, सगळे व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले.

पाटा सगळ्यांच्या शेवटी होता. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड, साहेबांनी सांगितलं. खाली तो लढतोय, वर स्वर्गात मांडी घालून बसलाय. पंचवीस वर्षं हा माणूस आपल्या मागच्या दारी उपडा होता, हे बेनेडिक्टला आवडलं नाही.

पाट्यामागची भिंत तांबडी झाली होती. झाडणारी द्रौपदी म्हणाली, ती रोज सकाळी पुसते, रोज पुन्हा येतं. दगडालाच सुटतंय, असं तिला वाटलं होतं.

बेनेडिक्टला सिरक्याचा वास आला.

त्याच्या हट्टापायी दोन शिपायांनी पाटा भिंतीपासून ओढून आडवा केला. पाठ ओली होती. तिच्यावर लाल वाटण होतं.

साहेबांनी द्रौपदीकडे बघितलं. "इथं कोण वाटतं गं?"

"मी माळकरी, साहेब. मला लसूण चालत नाही."

बेनेडिक्टने बोट लावून चाखलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लवंग जास्त, जिरं कमी. असं एकच बाई करायची. पण वाटण भरड होतं. मिरचीचे तुकडे तसेच होते. वरवंट्याने नाही, हाताने रगडल्यासारखं.

त्याने पिशवीतून वरवंटा काढून पाट्यावर ठेवला. पाट्याच्या खळग्यात तो बरोबर बसला. साहेब म्हणाले, तुमचाच आहे, उद्या हातगाडी आणा आणि घेऊन जा. वरवंटा आजच परत न्या, असंही म्हणाले. बेनेडिक्टने नेला नाही. सेराफिनाचे हात सोलवटले असतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

सकाळी तो हातगाडीवाल्याला घेऊन आला. द्रौपदी झाडू घेऊन फाटकातच उभी होती. व्हरांड्यात जायला तयार नव्हती.

"दोघं जेवतात वाटतं," ती म्हणाली.

बेनेडिक्ट एकटाच आत गेला.

वरवंटा धुऊन उभा करून ठेवलेला होता.

वाटण लोण्यासारखं झालं होतं. पाट्याच्या कडेला त्याचे दोन गोळे काढून ठेवले होते. एक लहान, एक मोठा. सेराफिना थोडंच खायची. लहान तिचा.

मोठा लालभडक होता.

बेनेडिक्टच्या पोटात अल्सर. मरायच्या आधी सहा वर्षं सेराफिना त्याच्यासाठी मिरची न घालता वेगळं वाटायची. एक दिवस चुकली नाही. पाट्याखालच्या त्या लढणाऱ्या माणसाला मात्र पथ्य नव्हतं.

बाहेरून हातगाडीवाला विचारत होता, उचलायचा ना?

"थांब जरा," बेनेडिक्ट म्हणाला.

त्याला पावसाळे दोन झाले. पाटा घरी आणायचा अजून राहिला आहे.