रापणीचा वाटा

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण हे घडलं तेव्हा मी तिथे होते... आणि हात माझाच होता.

२००६ साल. गाव मिठबाव. नारळी पौर्णिमा यायची होती, म्हणजे दर्या बंद. एकही जाळं पाण्यात नव्हतं.

हे लक्षात ठेवा.

बीएस्सी करून मी देवगडच्या एका लॅबमध्ये लागले होते. माझे काका, गुणाजी, लिव्हरच्या आजाराने घरी पडून होते. पोटात पाणी, डोळे पिवळे. जन्मभर रापण ओढलेला माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं. दोरीला जो हात लावील त्याला माशांचा वाटा, ही आमच्याकडची रीत. वाटसरू असला तरी.

कामावर जाताना मी त्यांचं रक्त घेऊन जायची.

"काकाच्या अंगात रगात उरला तरी काय गो, चेडवा?" गोदूकाकी म्हणायची. "ढेकूण बरो तुझ्यापरास!"

मी सीआरपी बघत होते. शरीरात संसर्ग सुरू झाला की हे प्रथिन रक्तात वाढतं, कधी कधी ताप यायच्या आधीच. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला तर अशा रुग्णाला फार वेळ मिळत नाही. स्लाइडवर रक्ताच्या सीरममध्ये चाचणीचा दुधी थेंब मिसळून फिरवायचा. दाणे धरले, की वाईट.

त्या दिवशी दाणे लगेच धरले.

हे प्रथिन लिव्हरच बनवतं. काकांचं लिव्हर तर जवळजवळ संपलेलं. तरीही इतके दाणे...

"गोव्याला हलवा. आजच," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी काकांचा मुलगा सर्वेश जीप घेऊन लॅबवर आला. आम्ही काकांच्या घरी पोचलो.

पडवीत बांगडे पडले होते. ताजे. कल्ले लालभडक, अंगाला ओली वाळू.

"कोणी दिले?"

"रोज ठेवता कोणतरी," काकी हळू म्हणाली. "काल कमी होते."

त्यांच्यावर एक माशी नव्हती. मांजर लांब बसून नुसतं बघत होतं...

आत काका ताठ बसले होते. हात पुढे, मुठी घट्ट. झटका बसून हात पुढे जायचे, काका ते मागे ओढायचे. लिव्हरच्या रुग्णाचे हात फडफडतात, मी वाचलं होतं. पण ते उघडे तळहात.

मुठी नाहीत.

आणि... समुद्राची गाज थांबली होती.

मिठबावात ती कधीच थांबत नाही.

"काकानू, चला. जीप इली."

"कसो येव? दोरी हातात आसा. सोडूक देणत नाय."

"कोण?"

"दाजी पुढे आसा. दिसणा नाय तुका?"

दाजी त्यांचा थोरला भाऊ. मी जन्मायच्या आधीच दर्यात बुडाला.

सर्वेशने मुठी सोडवून पाहिल्या. एक बोट हललं नाही.

"वर्षाली, तू धर गो जरा. मगे मी सुटतंय."

मला एक मिनिटही घालवायचं नव्हतं. त्यांच्या मुठींपुढे मी हवेतच हात धरला.

काहीतरी ओलं, जाड... तळहातातून सरकलं.

काकांच्या मुठी उघडल्या.

कुडाळ यायच्या आधी त्यांची शुद्ध हरपली. गोव्यात पोटातलं पाणी तपासलं. संसर्गच होता. माझी चाचणी बरोबर होती.

काका वाचले नाहीत.

काकीच्या पडवीत पुन्हा मासे आले नाहीत.

आमच्या पडवीत आले.

"कोणी ठेवल्यान गो ह्यो?" आईने शेजारणीला विचारलं.

पहिल्या दिवशी एकच बांगडा. कल्ले लालभडक.

मी माझं रक्त तपासलं. दाणे धरले. नवीन किट उघडलं... पुन्हा धरले. त्याच किटवर बाकी सगळ्यांचं रक्त स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुला काही झालेलं नाही.

आता २०१० चाललंय. मासे रोज येत नाहीत. येतात तेव्हा आधीपेक्षा जास्त असतात.

"ताई, झोपेत मुठी कित्याक आवळतंस गो?" माझी धाकटी बहीण अक्षया परवा विचारत होती.

सुटायचं कसं, ते मला ठाऊक आहे.

एकदा 'धर गो जरा' म्हटलं, तर ती लगेच हात पुढे करील...

मी तिच्यापासून लांब झोपते.